रॉडला पाणी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी उंबऱ्यावरून परत फिरते, आणि बघून झालं की पुन्हा एकदा बघते. लग्नाआधी मी शिरूरला माझ्या भावाच्या, विक्रमच्या, दुकानात कॉम्प्युटर जोडायचे ते या भित्रेपणाच्याच जोरावर. मदरबोर्डवरचं सॉकेट आणि प्रोसेसर एकमेकांसाठीच बनलेत का, रॅम त्या बोर्डाला चालते का, ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटात मावतं का, आणि या सगळ्यांचं पोट भरेल एवढा पॉवर सप्लाय आहे का, हे मी आधी खोक्यावर वाचायचे, मग वस्तूवर वाचायचे आणि मग विक्रमला मोठ्याने वाचायला लावायचे. तो वैतागायचा. पण मी जोडलेलं मशीन कधी धूर काढत परत आलं नाही.

लग्न होऊन खुटबावला आले आणि हे सगळं मागे पडलं. नव्या सुनेला भाकरी थापता येते का हे लोक विचारतात. सॉकेट ओळखता येतं का हे कोण विचारणार? म्हणून माझा धाकटा दीर सुदर्शन एक दिवस स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "वहिनी, गेमिंगचा पीसी बांधायचाय, याल का संगं?" तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. सुदर्शन कॉलेज संपवून घरी होता. मोबाइलवर खेळता खेळता तो पाच जणांच्या टीममध्ये शिरला होता, टीमला स्पर्धा खेळायच्या होत्या आणि तिथे मोबाइल पुरत नव्हता. उसाचं बिल आल्यावर त्याने मामांकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून, कसंबसं ‘बरं’ मिळवलं आणि आम्ही चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूर गाठलं.

दुकानात शिरल्या शिरल्या त्याने तीन पंख्यांच्या ग्राफिक्स कार्डावर हात ठेवला. "ह्यो."

"भाऊजी, ह्यो तुम्ही निवडलेल्या कॅबिनेटात मावायचा न्हाई. पुढच्या फॅनला धडकंल."

"मंग फॅन काढू."

"आन् उन्हाळ्यात मशीन गार कशानं ठेवायचं? मी पदरानं वारा घालू?"

विक्रम हसला. सुदर्शन हिरमुसला, पण त्याने मोठं कॅबिनेट घेतलं. मग त्याने खिशातून एका मित्राने दिलेल्या जुन्या रॅमच्या पट्ट्या काढल्या. त्या नव्या बोर्डात बसणार नव्हत्या. पट्टीची खाच वेगळ्या जागी होती, आणि जोर लावला असता तर बोर्ड गेला असता. मी त्या त्याच्या खिशात परत घातल्या. दुपारपर्यंत एकेक वस्तू दुसरीशी जुळवत आम्ही काउंटर भरून टाकला. कितीतरी दिवसांनी मी माझ्या कामात होते आणि मला कसलीच भीती वाटत नव्हती.

शेवटी राहिला पॉवर सप्लाय. "वस्तीवर व्होल्टेज कसं असतंय?" विक्रमने विचारलं.

"संध्याकाळी पंख्याची पाती मोजता येत्यात," सुदर्शन म्हणाला.

विक्रमने आतून एक जड खोकं आणलं. "मंग हाच न्या. नव्वद व्होल्टवर बी दम सोडत न्हाई. लाइट कमी आली की ह्यो जास्ती करंट ओढून घेतो, पण मशीनला कळू देत न्हाई. आन् अर्थिंग हाय ना घरी?"

"हाय की. मोरीमागं रॉड गाडलाय. आई रोज पाणी घालती त्याला."

उन्हाळ्यात जमीन वाळली की रॉडला पाणी घालावं लागतं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. विक्रमने मान डोलावली. मीही डोलावली. त्या रॉडला आणखी काय जोडलंय हे आम्ही विचारलं नाही, आणि सुदर्शनला ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

आमची वस्ती गावापासून लांब, उसाच्या मधोमध आहे. घरात आम्ही पाच माणसं. सासरे पोपटराव (माझे मामा, पोरांचे आबा), सासूबाई शेवंताबाई, सुदर्शन, मी आणि माझा नवरा सत्यजीत. तो कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला असतो, त्यामुळे तो घरात असून नसल्यासारखाच. सासूबाईंना मी आत्या म्हणते. पाडव्याला गुढी उभी केली आणि त्याच मुहूर्तावर मशीन चालू केलं. ट्रॅक्टरला लावतात तसं आत्यांनी कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मी बटण दाबलं. पहिल्या झटक्यात चालू झालं. आतले दिवे लागले, पंखे गुणगुणले, सुदर्शनने मला खाली वाकून नमस्कार केला. तेवढ्यात खोलीतला बल्ब पिवळा पडला आणि डोक्यावरचा पंखा मंदावला. मशीनला मात्र काही फरक पडला नाही. विक्रमने आणलेला पॉवर सप्लाय बोलल्यासारखाच निघाला.

मी कौतुकाने कॅबिनेटच्या कडेवर हात ठेवला आणि बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी हात झटकला.

"चप्पल घाला की वहिनी," सुदर्शन म्हणाला. "फ्रिजवानीच हाय त्यो."

आमच्या घरातला हा रिवाज मला एव्हाना माहीत झाला होता. फ्रिजपुढे रबरी चपलांचा एक जोड कायम पडलेला असायचा. ज्याला फ्रिज उघडायचा त्याने त्या घालायच्या. देवघराच्या दारातही पायताण न चालणारं हे घर, पण फ्रिजपुढे चालायचं. आता तसाच एक जोड कॉम्प्युटरच्या टेबलाखाली आला. चावणाऱ्या वस्तूला चप्पल, एवढा सोपा हिशेब. मला तो पटला नव्हता. पण मी नवीन सून, आणि ज्या मशीनचा पाडव्याला एवढा गाजावाजा झाला त्यात खोट काढायला माझी जीभ रेटेना. तिथून माझी भीती सुरू झाली.

आधी म्हैस बिथरली. मोरीमागे पाण्याचा हौद आहे, त्याच्यापासून हातभर अंतरावर तो रॉड. म्हैस रोज दुपारी तिथे पाणी प्यायची. पाडव्यानंतर ती हौदाजवळ गेली की पुढचे पाय उचलायची, फुरफुरायची आणि मागे सरायची. मामांनी तिला काठी मारून बघितली. आत्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. "घरात नवी वस्तू आली की लोकांची नजर लागती," त्या म्हणाल्या. शेवटी तिला दावणीलाच बादलीने पाणी द्यायला लागले. मी हौदाच्या कडेला उभी राहून बघायचे. मला काही जाणवायचं नाही. पायात चप्पल होती ना.

मग आत्यांचं काहीतरी बिनसलं. आत्या म्हणजे उभ्या जागी दोन कामं करणारी बाई. त्यांच्या हातून कप निसटायला लागले. परात उचलताना त्या आधी डाव्या हाताने उजवा दाबून घ्यायच्या. दुपारी कुणी बघत नाही असं वाटलं की उजव्या हाताला खोबरेल चोळत बसायच्या, आणि मी आले की पदर पुढे ओढून घ्यायच्या.

"आत्या, हात दुखतोय का?"

"कुठं काय. वातानं हुतंय."

"केडगावला डॉक्टरांकडं जाऊ की."

"तुला म्हणलं ना, काय न्हाई." त्या माझ्यावर कधी असं खेकसल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत बघितलं तर राग नव्हता, भीती होती, आणि ती भीती मी ओळखते. मी सत्यजीतला सांगितलं. तो शिफ्टवरून दमून आला होता. "वय झालं तिचं," म्हणाला आणि कुशीवर वळला. मला त्याचा फार राग आला.

त्या रविवारी ऊन सकाळपासूनच पेटलं होतं. जमिनीला भेगा पडायच्या बेतात होत्या. सुदर्शनच्या टीमची पहिली मोठी मॅच होती. तो अंघोळ करून, देवाला हात जोडून, कानाला हेडफोन लावून बसला होता. मामा अंगणात ट्रॅक्टर चालू ठेवून ट्रॉली जोडत होते आणि त्या आवाजाने घर थरथरत होतं. मी सुदर्शनला चहा द्यायला गेले. झिणझिण्यांचं एकदाचं बघून टाकू म्हणून मी येताना कपाटातला टेस्टर बरोबर घेतला होता.

टेस्टरचं टोक कॅबिनेटला लावलं. आतला छोटा दिवा लागला. मॅच अजून सुरू व्हायची होती, खेळाडू नुसते वाट बघत उभे होते, आणि दिवा मंद होता. मग पडद्यावर गोळीबार सुरू झाला, ग्राफिक्स कार्डाचे पंखे जोरात फिरायला लागले आणि माझ्या हातातला दिवा भगभगीत झाला. खेळ थंडावला, दिवा बारीक झाला. पुन्हा खेळ पेटला, दिवाही पेटला. मशीनमध्ये बिघाड असता तर दिवा सारखाच जळला असता. हा तर मशीन जेवढं खातंय तेवढा वाढत होता.

मी टेबलामागे वाकले, मग खिडकीतून बाहेर बघितलं. तीन पिनांच्या बोर्डातून सुदर्शनने अर्थिंगची हिरवी वायर खिडकीबाहेर काढली होती, ती सरळ मोरीमागच्या रॉडला गेली होती. ते ठीक होतं. पण त्याच रॉडला, त्याच क्लँपखाली, भिंतीवरून आलेली एक जाड काळी वायरही आवळलेली होती.

मी त्याचा एक हेडफोन बाजूला केला. "भाऊजी, ती काळी वायर कशाची?"

"परतीची," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "पंपाच्या लाइनीवरनं एकच तार घेतलीय ना घरात. दुसरी पोलावर हायच कुठं? आबांनी मंग रॉडच गाडला. समद्या वस्त्यांवर असंच हाय."

वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. आमच्या घरात परत जायला तार नव्हतीच. बल्ब, पंखा, फ्रिज आणि आता हे मशीन, सगळ्यांतून आलेला करंट त्या एका रॉडमधून जमिनीत जात होता. जमीन ओली असली तर तो मुकाट जिरायचा. वाळली की तो रॉडवरच तुंबायचा आणि अर्थिंगच्या वायरीने उलटा वस्तूंच्या पत्र्यावर यायचा. बल्ब आणि पंख्याचा करंट तो केवढा. तेवढ्याने फ्रिज चावायचा आणि आम्ही चपला घालायचो. त्यावर मी जाऊन, खोकी वाचून वाचून, असा पॉवर सप्लाय आणला होता जो व्होल्टेज पडलं की गप्प बसत नाही, आणखी ओढतो. कॅबिनेटातली प्रत्येक वस्तू दुसरीशी जुळत होती. आणि आत्या रोज सकाळी अनवाणी पायांनी त्या रॉडवर पाणी ओतत होत्या. डाव्या हातात बादली, आणि उजव्या हाताने क्लँप दाबून बघायच्या, कारण तो ढिला झाला की घरातली लाइट लुकलुकते. एरवी सुदर्शन उठायच्या आधी, रात्रभर चालू ठेवलेलं मशीन नुसतं गुणगुणत असताना, त्यांचं हे काम उरकलेलं असायचं.

डोक्यावरचा पंखा जवळजवळ थांबला. सुदर्शनने हेडफोन सरकवून खिडकीकडे तोंड केलं आणि ओरडला, "आये, व्होल्टेज पडतंय. रॉडला पाणी घाल."

हे तो ओरडला आणि मला खिडकीतून आत्या दिसल्या. त्या तिथेच हौदापाशी होत्या. बादली भरलेली होती. साडीचा ओचा वर खोचलेला, पाय उघडे, पायाखाली सांडलेल्या पाण्याचा चिखल. "घालते रं," म्हणत त्या रॉडकडे वळल्या. मी ओरडले असेन. पण सुदर्शनसारखा खणखणीत आवाज माझा नाही; तो मलाच ऐकू आला नाही, ट्रॅक्टरच्या घरघरीत त्यांना कुठून येणार. त्यांनी बादली उचलली आणि उजवा हात पुढे केला.

मी टेबलाखाली शिरले आणि प्लग खेचला.

पडदा काळा झाला. सुदर्शनने माझं मनगट धरलं. "वहिनी, काय केलंत हे? चालू मॅच हाय. सोडा."

मी प्लग छातीशी धरून भिंतीला टेकून बसले. मला सांगायचं होतं आणि शब्द फुटत नव्हता. तो माझी बोटं उलगडायला लागला. तसा तो दांडगा नाही, पण त्या वेळी त्याला काही सुचत नव्हतं. "चौघं माझ्या भरवशावर बसल्यात," तो म्हणत होता, "वहिनी, पाया पडतो, द्या." त्याने एक बोट सोडवलं, दुसरं सोडवलं. मी दातांनी वायर धरली. ती आठवण आली की अजून मला लाज वाटते, पण मी धरली.

बाहेर मामांनी ट्रॅक्टर बंद केला. एकदम शांत झालं.

"आत्या, हात लावू नका," मी ओरडले. या वेळी माझा आवाज मला ऐकू आला.

"लावलाय की," खिडकीपलीकडून आत्या म्हणाल्या. "का गं?"

आम्ही दोघंही थांबलो. आत्या आपल्याशीच बोलल्यासारखं पुढे म्हणाल्या, "आज मुंग्या न्हाई आल्या. बारीक येत्यात, पण रोजच्यावानी न्हाई."

सुदर्शनची बोटं माझ्या मनगटावर होती. ती सैल पडली.

"कसल्या मुंग्या?" त्याने विचारलं.

आत्यांनी हात रॉडवरून काढला आणि पदराला पुसला. त्यांना वाटलं आता लपवण्यात अर्थ नाही. "पाडव्यापासनं येत्यात. ह्या हाताला. आधी बोटांस्नी, मंग पार खांद्यापत्तोर. परवा तू सकाळच्याला लवकर उठून खेळत बसला व्हतास बघ, तवा तर हात चिकटूनच बसला, सोडवंना. आमच्या आईला बी असंच सुरू झालं व्हतं रं, आन् मंग तिचं एक अंग गेलं. म्हणलं, तुमास्नी कशापायी सांगा. जवा व्हईल तवा कळंलच."

सुदर्शन उठला. हेडफोन गळ्यात तसाच, वायर लोंबत, तो बाहेर गेला. त्याने आईचा दंड धरून तिला चिखलातून ओट्यावर आणून बसवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, लावा प्लग."

मी प्लग आणखी घट्ट धरला.

"मला बघू द्या. चपला घातल्यात."

मी प्लग लावला, मशीन चालू केलं, त्याचा खेळ उघडून दिला. पासवर्ड पहिल्यांदा चुकला. तो टेस्टर घेऊन रॉडपाशी उकिडवा बसला. उन्हात दिवा दिसत नव्हता, म्हणून त्याने दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि डोळा लावला. मामा ट्रॉलीपासून चालत आले. "काय लावलंय सकाळच्यापारी?" ते म्हणाले. "इतकी वर्षं हाय त्यो रॉड. कुणाला काय झालंय आजवर?"

सुदर्शनने हाताचा आडोसा मामांच्या बाजूला केला. मामा गुडघ्यावर हात टेकून वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. ताठ झाले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. हा रॉड त्यांनी स्वतः गाडला होता, आणि त्या जोरावर घरात लाइट आणली होती. लग्नात माझ्या माहेरच्यांनाही त्यांनी ते कौतुकाने सांगितलं होतं. ते पंपाच्या स्टार्टरकडे चालत गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

फ्रिजचा आवाज थांबला. पंखा थांबला. दावणीला बांधलेली म्हैस रवंथ करत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

मी ओट्यावर आत्यांच्या शेजारी बसले आणि त्यांना सांगितलं. नीट सांगता आलं नाही, पण त्यांना तेवढं पुरलं. मशीन खेळात असलं की रॉडमध्ये करंट भरतो, तो तुमच्या हातात येतो, तुमचा हात बरा आहे, रॉडच वाईट आहे. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी उजवा हात समोर धरला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"म्हंजी मला काय झालेलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

सुदर्शन अंगणात तसाच उकिडवा होता, डोकं गुडघ्यांत घालून. मामा मेन स्विचपाशीच उभे होते, त्यावर हात ठेवून. मला रडू फुटत होतं आणि मी पदर तोंडात धरला होता.

"मी बरी हाय व्हय?" आत्या म्हणाल्या आणि हसल्या. एवढे दिवस मनात धरून ठेवलेलं मरण असं एका फटक्यात गळून पडलं होतं. त्या उठल्या. "मंग अशी तोंडं काय करून बसलाय? शितल, चहा टाक समद्यास्नी, माझा बी टाक." चपला शोधायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. पायऱ्या उतरून त्या मोरीमागे गेल्या. बादलीत अजून पाणी होतं. पाणी वाया घालवायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी बादली डाव्या हातात घेतली, सवयीने उजवा हात क्लँपवर ठेवला आणि पाणी ओतलं.

लाइट बंद होती, हे आम्हाला ठाऊक होतं. स्विच मामांच्याच हाताखाली होता. तरी आम्ही तिघंही एकदम ओरडलो.